अभ्यास : खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतलं केसाळ शेवाळ



या वेळचा अभ्यास थोडा वेगळा आहे. आपल्या बडोदे परिवारातल्या तीन घरांत दिवाळीनंतर खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या. क्लाउनफिशची जोडी, दगडांची रचना, एक-दोन मऊ प्रवाळ. आता तिन्ही घरांतून गटावर एकच फोटो येतोय : दगडावर हिरवी लव, कुठे बोटभर लांब केस, पंपाच्या जाळीत अडकलेले गुंते. एका घरात तर टाकी विकायची भाषा सुरू झाली आहे आणि नातू रुसून बसला आहे. म्हणून आम्ही सेवेकरी मंडळींनी ठरवलं, की एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळे मिळून हे एकदा समजून घेऊ. ज्यांच्याकडे टाकी नाही त्यांनीही पुढचा परिच्छेद तरी वाचावा.

घरात काही बुरसटलं, हिरवं पडलं की आपला हात आधी उकळत्या पाण्याकडे जातो. बरणी असो, मोरी असो, सवयच ती. टाकीतल्या दगडाला मात्र ही सवय कधीही लावायची नाही. या दगडांवर शर्टाच्या बटणांसारखे छोटे गोल प्रवाळ चिकटलेले असतात, त्यांना झोअँथिड म्हणतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. असा दगड उकळला, त्यावर कढत पाणी ओतलं किंवा बाहेर काढून ब्रशने खसाखसा घासला, तर ते विष वाफेतून आणि तुषारांतून श्वासात जातं. अशा साफसफाईनंतर घरातली सगळी माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. खोकला, धाप, छातीत दडपण, थंडी-ताप, तोंडात धातूसारखी चव, डोळ्यांची आग, असं काही झालं तर सगळ्यांनी लगेच घराबाहेर पडायचं, रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना "प्रवाळाचा दगड साफ करत होतो" हे आपणहून सांगायचं. यावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. ब्लीच, फिनाइल, भांड्यांचा साबण हेही टाकीपासून लांब ठेवा. टाकीची बादली वेगळी, तिला घरातल्या दुसऱ्या कामाला लावू नका. कामवाल्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, कारण चांगल्या मनाने साफसफाई करायला बहुतेक त्याच पुढे होतात.

आता शेवाळाकडे वळू. हे शेवाळ म्हणजे घाण नव्हे, ती वनस्पतीसारखी वाढणारी सजीव गोष्ट आहे. तिला तीनच गोष्टी लागतात : उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. नव्या टाकीत या तिन्ही भरपूर असतात आणि वाटेकरी कमी. विरजण लावल्यावर दूध लगेच दही होत नाही, तसंच हे. माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर बसायला काही आठवडे लागतात. त्यानंतरही दगडाचा पृष्ठभाग बराचसा मोकळाच असतो. गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ, छोटे किडे, गोगलगाई यांनी ती जागा अजून धरलेली नसते. मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यात गवत माजतं, त्यातलाच प्रकार. आधी तपकिरी थर येतो, तो गेला की हिरवे केस. पहिल्या सहा महिन्यांत हे बहुतेक प्रत्येक टाकीत होतं. दुकानदाराने फसवलं असं यावरून ठरवू नये.

एका दादांनी विचारलं, "आमच्या चाचणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, मग शेवाळ कशावर जगतंय?" प्रश्न फार चांगला आहे. पाण्यात येईल ते शेवाळ लगेच खाऊन टाकतं, म्हणून पाण्यात काही उरत नाही. चाचणी फक्त उरलेलं मोजते. शेवाळ भरपूर आणि आकडा शून्य असेल, तर पोषण केसांमध्ये साठलेलं आहे असं समजा.

मग हे पोषण येतं कुठून? आमच्या मते मोठा वाटा खाण्याच्या डबीतून येतो. सुक्या मत्स्यखाद्यात साधारण 1 टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे 1 ग्रॅम खाद्यात 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, त्याचं फॉस्फेट होतं सुमारे 30 मिलिग्रॅम. 100 लिटरच्या टाकीत ते सगळं विरघळलं तर पातळी 0.3 पीपीएमने चढते, आणि आपल्याला हवी असते 0.03 ते 0.1 च्या आसपास. मासे त्यातलं काही अंगी लावतात हे खरं, पण हिशेब डोळ्यांपुढे असावा. एकत्र कुटुंबात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. सकाळी आजोबा चिमूट टाकतात, दुपारी सूनबाई, शाळेतून आल्यावर नातू, आणि रात्री "बिचारे उपाशी दिसतात" म्हणून आणखी कुणी. प्रेम सगळ्यांचंच, पण खाऊ घालायचं काम एकाच व्यक्तीकडे द्या आणि दिलं की फ्रिजवरच्या कागदावर खूण करा. दोन छोट्या माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच पुरे. गोठवलेलं खाद्य असेल तर गाळणीत स्वच्छ पाण्याखाली धुऊन घ्या, त्याचं पाणी टाकीत नको.

दुसरी वाट पाण्याची. आपलं नळाचं पाणी, आजव्याचं असो की महीचं, पिण्यासाठी ठीक, पण त्यात थोडे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असू शकतात. "आम्ही आरओचंच वापरतो," असं दोन घरांनी सांगितलं. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळायची सोय असते, त्यामुळे टीडीएस मीटर 40-50 किंवा त्याहून जास्त दाखवतो. टाकीला तो शून्याजवळ लागतो. त्यासाठी खनिजं मिसळण्याआधीचं पाणी घेऊन पुढे डीआय रेझिनचा एक डबा जोडावा लागतो. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो आधी घ्या.

उन्हाळ्यात हे जास्त भोवतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी झपाट्याने आटतं, पंखा लावला की अजूनच. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं. रोज लिटर-दोन लिटर नळाचं पाणी वाढवत गेलं की त्यातलं सगळं टाकीत साठत जातं. म्हणून भर घालायची ती शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याची. मीठ घालायचं ते फक्त पाणी बदलताना : 10 लिटरला साधारण 350 ते 380 ग्रॅम समुद्री टाकीचं मीठ, घरचं आयोडीनचं नाही. घनता 1.025 च्या जवळ ठेवा.

उजेडाबद्दल थोडक्यात. दिवे टायमरवर सहा ते आठ तास, आणि खिडकीचं ऊन टाकीवर नको. दिवे तीन दिवस पूर्ण बंद ठेवण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. नुसता तोच केला तर शेवाळ मरतं, कुजतं आणि साठवलेलं सगळं पाण्यात परत सोडतं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच केस.

खरं काम हाताचं. शेवाळ उपटून टाकीबाहेर काढलं की त्यातलं पोषणही बाहेर जातं, यासारखा दुसरा उपाय नाही. आठवड्यातून एकदा पाणी बदलायच्या दिवशी पाइपचं तोंड गुंत्याजवळ धरा, दुसऱ्या हाताने मुळाशी चिमटीत धरून उपटा आणि तुकडे पाइपमधून बादलीत जाऊ द्या. सुटे तुकडे तरंगू दिले तर ते दुसरीकडे जाऊन बसतात. सुटा दगड असेल आणि त्यावर बटणं नसतील, तर तो टाकीतून काढलेल्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवून, पाण्याखालीच जुन्या टूथब्रशने घासा. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. एका दिवसात सगळं नको, 100 लिटरच्या टाकीत 10-15 लिटर पाणी जाईपर्यंत जितकं होईल तितकं.

केस आखूड झाले की मग गोगलगाई सोडा. ट्रोकस किंवा टर्बो जातीच्या चार-पाच पुरतात. लांब केसांना त्या फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून आधी उपटणं, मग त्या. टर्बो उलटी पडली तर कधी कधी तिला स्वतःला सरळ होता येत नाही, दिसली की सरळ करा. टाकीत सोडताना तासभर थेंब-थेंब पाणी देऊन सवय करा. आणि माशांच्या आजारावरचं तांब्याचं औषध टाकीत घालू नका, गोगलगाई त्याने मरतात. शेवाळ खाणारा सर्जनफिश दुकानदार सुचवेल, पण 100 लिटरमध्ये तो कोंडला जातो. त्या जिवाचाही विचार करायला हवा.

बुरशीवरची फ्लुकोनाझोल गोळी टाकीत घालतात हे काहींनी वाचलं आहे. पिसासारख्या फांद्यांच्या ब्रायोप्सिस शेवाळावर तिचा उपयोग होतो हे खरं, पण एकदम मेलेलं शेवाळ पाणी बिघडवतं. आम्ही ती शेवटची ठेवू. उलट टोकही नको : फॉस्फेट शोषणारं माध्यम भराभर घालून सगळं शून्यावर आणलं तर प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट तपकिरी थर येऊ शकतो. तो घालवणं केसांपेक्षा अवघड. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम असू द्या.

आणखी एक. "नराऱ्याला किंवा मालवणला गेलो की मुरलेला दगड उचलून आणू, टाकी लवकर जमेल," असं गटावर वाचलं. कृपया नको. दगडी सांगाड्याचे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने, आणि मेलेला तुकडा उचलणंही गुन्हा आहे. नरारा तर सागरी राष्ट्रीय उद्यानातच येतं. ओहोटीला तिथे वनखात्याच्या परवानगीने मुलांना जरूर न्या, खडकावरून चालताना पायाखाली पाहायला शिकवा, आणि हात रिकामे ठेवून परत या. दुकानात दगडी प्रवाळ दिसला तरी आधी कागदपत्रं मागा.

ज्या घरी टाकी विकायचं चाललं आहे, त्यांना आमची विनंती : आठ आठवडे द्या. पहिले तीन आठवडे काही फरक दिसणार नाही, केस पुन्हा येतील, पण प्रत्येक वेळी थोडे कमी. नातवाला उपटायचं काम देऊ नका, वहीत आकडे लिहायचं द्या.

पुढच्या रविवारी तिन्ही घरांनी फोटो पाठवावेत, एकाच जागेवरून, पांढऱ्या दिव्यात काढलेले. सोबत लिहा : नायट्रेट, फॉस्फेट, घनता, भर घालण्याच्या पाण्याचा टीडीएस, दिवे किती तास, आणि दिवसातून कितीदा खाऊ दिला (खरं खरं!). घनता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मांजलपूरच्या ताईंकडे आहे. शनिवारी संध्याकाळी पाचनंतर घेऊन जा आणि धुऊन, पुसून परत करा.