नव्या संकेतस्थळास वाचक कसे मिळतात?

संकेतस्थळ उभारणें हें काम आतां फारसें अवघड राहिलेलें नाहीं. दहावींतील मुलगाही चार दिवसांत आपल्या गांवाचें एखादें संकेतस्थळ सजवून दाखवितो. खरी अडचण पुढेंच उत्पन्न होते. महिना लोटतो, आणि वाचक किती म्हणून पाहूं जावें, तर घरचे चार व वर्गांतील सहा! मग उत्साह मावळतो आणि चांगलें लिहिणारा मुलगाही लिहिणें सोडून देतो. ही हानि लहान नव्हे. कारण आपल्या भागाविषयीं मराठींत लिहिणारे आधींच थोडे. म्हणून नव्या स्थळाकडे लोक कशानें वळतात, याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा प्रश्न यंत्रयुगाचा दिसतो खरा. परंतु त्याचा उलगडा आपल्याच शेजारीं शंभर वर्षांपूर्वीं झालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं असतांना लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. पण लोखंडामुळें जमिनींत विष भिनतें, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें तो आरंभीं खपेना. पुढें इ. स. १९१० मध्यें औंध संस्थानांतील एका ओसाड माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, त्यांनीं कारखाना घातला. तीच आजची सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी. या कारखान्यांतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघूं लागलें. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकला शिकलेले गृहस्थ. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोंचविणें, हा मासिकाचा मूळ हेतु. तेवढ्यावरच तें थांबतें, तर एकदां नांगर घेऊन झाल्यावर कोणी तें उघडलेंही नसतें. परंतु शंकररावांनीं हळूहळू उद्योगधंदे, आरोग्य, समाजसुधारणा, गोष्टी व चित्रें यांस त्यांत जागा दिली, आणि कारखान्याची खबर घरोघर वाचलें जाणारें मासिक होऊन बसली. पुढें १९३० मध्यें 'स्त्री' व १९३४ मध्यें 'मनोहर' अशीं आणखी दोन मासिकें तेथूनच निघालीं. सर्वांस एकाच ताटांत वाढण्यापेक्षां, कोणता वाचक कशाचा भुकेला आहे हें तेथें ओळखलें गेलें. पुणें-मुंबईपासून दूर असलेल्या माळावरून हें घडलें, ही गोष्ट खेड्यांतील विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी.

त्याच नांगराच्या प्रचारासाठीं गांवोगांव हिंडलेले दुसरे एक गृहस्थ म्हणजे भाऊराव पाटील. पायपीट करतांना त्यांस शेतकऱ्याच्या घरची स्थिति प्रत्यक्ष दिसली. १९१९ मध्यें कऱ्हाडजवळील काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्यें ती साताऱ्यास आणली. नव्या कामाचीं पहिलीं माणसें अशीं हिंडूनच जोडावीं लागतात. तुमच्या स्थळाचे पहिले पन्नास वाचकही कोणतें यंत्र आणून देणार नाहीं. ज्यांच्याविषयीं लिहिलें त्या कारागिरास, शेतकऱ्यास, ग्रंथपालास लेख स्वतः नेऊन दाखवावा. चुकलें असेल तें विचारावें. तो माणूस आपण होऊन आणखी दहा जणांस सांगतो.

त्यापुढचे वाचक मात्र बहुतेक शोधयंत्राच्या द्वारें येतात. १९९८ सालीं स्थापन झालेल्या गूगलची मूळ युक्ति अशी, कीं एका पानानें दुसऱ्या पानाकडे बोट दाखविलें म्हणजे ती एक प्रकारची शिफारस समजावयाची, आणि शिफारस करणारें पान जितकें मान्य तितकें तिचें वजन अधिक. म्हणून गांवच्या वाचनालयानें अथवा एखाद्या जाणत्या लेखकानें तुमच्या पानाचा दुवा दिला, तर त्याचें मोल मोठें. दुसरी गोष्ट मथळ्याची. 'आमचें मनोगत' असा मथळा कोणीही शोधीत नाहीं. 'हरिपूरचीं हळदीचीं पेवें' असा मथळा शोधणारा निश्चित आहे. मजकूर युनिकोडमध्यें टंकलिखित करावा. कागदाचें नुसतें छायाचित्र चढविल्यास त्यांतील अक्षरें यंत्रास नीट वाचतां येतीलच असें नाहीं.

वांईस ज्याचें कार्यालय आहे, तो मराठी विश्वकोश या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं त्याचा पहिला खंड १९७६ मध्यें निघाला. आतां त्याच्या नोंदी महाजालावर वाचावयास मिळतात. तेथें येणारा बहुधा मुखपृष्ठावरून येत नाहीं. त्यास एखाद्या वनस्पतीची माहिती हवी असते, आणि तो थेट त्या नोंदीवर उतरतो. याचा अर्थ, तुमचें प्रत्येक पान हाच दरवाजा आहे. मुखपृष्ठ सजविण्यांत पंधरा दिवस घालविणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. ते पंधरा दिवस तीन चांगल्या लेखांस पुरले असते.

वेळही साधावी लागते. कासच्या पठारावरील फुलांचा लेख दिवाळींत चढवून उपयोग काय? ऑगस्ट-सप्टेंबरांत लोक बहर पाहावयास निघतात. तत्पूर्वीं महिनाभर तो तयार असला पाहिजे. हरिपूरच्या पेवांचें तसें नाहीं. जमिनीच्या पोटांत वर्षानुवर्षें हळद कशी टिकते, हें जाणण्याची जिज्ञासा बारमाही आहे. २००५ च्या महापुरांत पुष्कळ पेवें बुडालीं, आणि त्यांची माहिती सांगूं शकणारीं माणसें आतां वृद्ध होत चाललीं आहेत. तें काम लांबणीवर टाकण्याजोगें नव्हे.

पालकांस दोन शब्द. पैसे घेऊन भेटींचा आकडा फुगवून देणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेस मुलांस जाऊं देऊं नये. रिकाम्या खुर्च्यांस तिकिटें विकण्यासारखाच तो प्रकार. तसेंच मुलांचा पत्ता, दूरध्वनि क्रमांक व एकट्याचें छायाचित्र स्थळावर घालूं नये. संपर्कासाठीं घरांतील वडील माणसाचा स्वतंत्र ई-मेल ठेवावा.

महिन्याच्या शेवटीं केवळ एकूण भेटी मोजीत बसूं नका. कोणत्या पानावर वाचक थांबला, कोणतें पान उघडून लगेच परतला, आणि कोणते शब्द शोधीत तो आला, या तीन गोष्टी वहींत टिपा. पेवांच्या पानावर कोणी 'पेवांत उतरतांना धोका कां असतो' असें शोधीत आला असेल, तर तुमचा पुढचा लेख त्यानेंच सुचविला आहे.