नळकामाचा व्यवसाय : सुरुवात कशी करावी?



दहावी-बारावीचा निकाल लागला की मुठा खोऱ्यातील मुले आमच्याकडे हमखास येतात आणि म्हणतात, "साहेब, बँकेत कुठे चिकटवता येईल का?" आम्ही कारकून, आम्हाला बँकेत कोणी साहेब म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी! पण शिपायाच्या जागेसाठी पदवीधर अर्ज करतात हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून आज एका कारागिरीचा विचार मांडतो. ती म्हणजे प्लंबिंग, अर्थात नळकाम.

आपल्या भागात हे काम कमी नाही. पिरंगुट, भूकूम, भूगाव येथे इमारती उभ्या राहत आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात पोहोचविण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. नळ बसला की त्याची गळतीही आलीच. वरच्या टेमघर धरणाची गळती २०१६ साली राज्यभर गाजली. मग घरच्या वॉशरची काय कथा?

काही पालक म्हणतात, "शिकून हातात पाना घ्यायचा का?" ज्या समाजाला पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजातील मुलाला आज लोक स्वतः स्वयंपाकघरात बोलावून नळ दाखवितात. आम्हाला तरी यात कमीपणा दिसत नाही.

शिक्षणाचा सरळ मार्ग आयटीआयचा. प्लंबर हा तेथील एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश ऑनलाइन होतात. कोणत्या संस्थेत किती जागा, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. मिस्त्रीच्या हाताखाली शिकणारेही उत्तम कारागीर होतात, पण त्यांच्याजवळ कागद नसतो, आणि कागदाची किंमत आम्हा कारकुनांना विचारा.

हे काम केवळ मनगटाचे नाही. पाण्याची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाशी साधारण १ किलो दाब मिळतो. घराच्या गच्चीवरची टाकी ३ मीटरच उंच असते, म्हणून शॉवरला धार येत नाही. गिऱ्हाईक शॉवरला दोष देते. जाणता प्लंबर आधी उंची मोजतो. पाईप मध्येच वर चढून खाली उतरला तर त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि टाकी भरलेली असूनही नळ कोरडा राहतो. गिझरच्या गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी पाईप चालत नाही, सीपीव्हीसी लागतो. सांडपाण्याच्या ४ इंची पाईपला १० फुटांत सुमारे ३ इंच उतार द्यावा. न्हाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी साचून राहते ती चूक नव्हे. गटाराचा वास तेच अडविते. आणि भिंतीतील पाईप प्लास्टर होण्यापूर्वी दाब देऊन तपासावा. एकदा टाईल बसली की ती फोडण्याचा खर्च कोणाच्या नावावर पडतो, हे सांगायला नको.

आता भांडवल. पाईप पाना, आरी, डायसेट, ड्रिल मशीन एवढ्यावर आरंभ होतो. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते, तारण लागत नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनांचीही चौकशी करावी. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. गवंडी आहे, प्लंबर नाही, तेव्हा तो अर्ज भरण्यात वेळ घालवू नये. आमच्यापुढे आलेला एक तरुण महिनाभर राबत असे, पण सर्व व्यवहार रोखीचा. खात्यावर काहीच दिसेना, कर्जाचे प्रकरण मागे गेले. पुढचे सहा महिने तो प्रत्येक बिलाची रक्कम खात्यात भरत राहिला, मग काम झाले.

शेवटी एक गोष्ट, जी पालकांनीही ऐकावी. नळाचे काम चालू असताना मालक सहज म्हणतो, "जरा ती शौचालयाची टाकी पण बघ, वरचे पैसे देतो." उतरू नये. टाकीतील विषारी वायूने माणूस हाक मारण्याआधी कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख व २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरविली. ती घ्यायला घरचे जातात. हे काम आपल्याच मुलांना का सांगितले जाते, हे वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा कामाच्या अंदाजपत्रकातच, मजुरी आणि साहित्य यांच्या खाली, एक ओळ लिहून मालकाची सही घ्यावी : "मैल्याच्या टाकीत उतरणे या कामात समाविष्ट नाही."