संत्र्याची साल आणि त्वचेची निगा
(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान – पाठ-टिपण)

काटोल, वरुड, मोर्शी या भागांत आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की शाळेच्या अंगणातही सालींचा सडा पडतो. नेमक्या त्याच दिवसांत थंडीने मुलांचे ओठ फुटतात, गाल खरखरीत होतात व पाय उलतात. साल वाळवून, दळून अंगाला चोळावी, असा सल्ला या वेळी सहज दिला जातो. तो कितपत योग्य आहे, याचा विचार मुलांकडून करवून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय. टाकाऊ वस्तूचा उपयोग करावा हे खरेच. परंतु तिचा गुण ओळखल्यावाचून केलेला उपयोग अपायकारकही ठरतो.

विषयाची माहिती

संत्र्याच्या सालीचे दोन थर असतात. बाहेरील नारिंगी थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. ते हवेत चटकन उडून जाते व चिकट, तेलकट पदार्थ विरघळविते. आतील पांढऱ्या थरात पेक्टिन असते. त्याच्याच योगाने मुरंबा दाट होतो. वाळलेल्या सालीची पूड त्वचेवरील मळ व जादा तेल शोषून, घासून काढते. सारांश, साल ही स्वच्छ करणारी वस्तू आहे, स्निग्धता देणारी नव्हे.

थंडीत त्वचा फुटते ती मुख्यतः कोरड्या हवेत तिच्यातील ओलावा उडून जातो म्हणून. त्वचेवरील नैसर्गिक स्निग्ध थर हा ओलावा धरून ठेवतो. फुटलेल्या गालावर सालीची पूड चोळल्यास तोच थर निघून जातो व आग होते. तेथे तीळ किंवा खोबऱ्याचे तेलच हवे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल व मग उटणे, हा जो क्रम आहे, त्याचे मर्म येथे ध्यानात येते. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी व संत्र्याची साल यांचे उटणे अंगावरील जादा तेल काढते. आत मुरलेली स्निग्धता मात्र राहते.

टाकाऊत स्निग्ध पदार्थ असूच शकत नाहीत, असेही नाही. आंब्याच्या कोयीतील वाळलेल्या गरात सुमारे दशांश स्निग्धांश असतो. तो शरीराच्या उष्णतेच्या जवळपास वितळतो, म्हणून त्वचेवर लावण्याच्या मलमांत वापरला जातो. तो कारखान्यातच काढता येतो. शाळेत त्याची माहिती सांगणे पुरेसे आहे.

प्रयोग

१. प्रत्येक गटाने १०० ग्रॅम धुतलेली ताजी साल घेऊन ती सावलीत, वाऱ्यावर पसरावी. रोज वजन करून तक्त्यात लिहावे. वजन घटेनासे झाले की साल वाळली, असे समजावे. सुमारे चतुर्थांश वजन उरते. उरलेले कोठे गेले, हे मुलांकडून काढून घ्यावे.

२. कागदाच्या एका टोकावर ताजी साल पिळावी, दुसऱ्यावर कुटलेले तीळ दाबावेत. काही वेळाने पाहावे. सालीचा डाग पुष्कळसा उडून जातो, तिळाचा तसाच राहतो. स्निग्धता कोणापाशी आहे, हे मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

३. फुगविलेल्या रबरी फुग्याजवळ शिक्षकाने साल पिळावी. फुगा फुटतो. रबरावर असा परिणाम करणारा रस डोळ्यांत गेल्यास काय होईल, हे मुलांना विचारावे.

शिक्षकांस सूचना

बाजारातील फळांवर फवारणीचे अंश असू शकतात. सालीऐवजी संपूर्ण फळच आधी चोळून धुवावे. बुरशी आलेली साल खताच्या खड्ड्यात टाकावी. पूड कोरडी ठेवावी, भिजविलेली साठवू नये. शाळेत कोणाच्याही तोंडाला ती लावू नये. घरी लावावयाची असल्यास प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून धुवावी व एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास वापर सोडावा. जखमेवर व डोळ्यांजवळ कधीही लावू नये. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे विशेष घातक आहे. त्यातील काही द्रव्यांमुळे ऊन लागल्यानंतर भाजल्यासारखे फोड येतात व काळे डाग दीर्घकाळ राहतात.

आणखी एक गोष्ट वर्गात स्पष्ट सांगितली पाहिजे. सालीने रंग उजळतो, हा समज खरा नाही. त्वचेचा वर्ण मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो व ते उन्हापासून शरीराचे रक्षण करते. मळ धुतला जातो, वर्ण धुतला जात नाही. आणि धुवावा असे त्यात काही नाही. सावळ्या मुलीला रोज काहीतरी चोळावयास सांगणाऱ्या घरात हे वाक्य तिच्यासोबत गेले, तरी पाठाचे सार्थक होईल.

उपयोजन

१. पाय उलले असता सालीची पूड का लावू नये?
२. अभ्यंगस्नानात तेलाचा क्रम आधी का?
३. घरातील टाकाऊ सालींची यादी करावी व प्रत्येकीपुढे ‘स्वच्छ करणारी’, ‘स्निग्ध’ किंवा ‘खतासाठी’ असे कारणासह लिहावे.