हबचा नट किती कसावा?

कापडाच्या गाठी पोचवणाऱ्या टेम्पोचे ब्रेक लायनर आपले अनेक बंधू घरीच बदलतात. खर्च वाचतो. पण पुढच्या चाकाच्या हबचा नट जास्त कसला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर चाक डुलते. जान व माल दोन्ही धोक्यात.

गाडी घोडीवर घ्या, इतर चाकांना ठोकळे लावा. बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरा. चाक फिरवत नट कसा, म्हणजे रोलर नीट बसतात. मग कंपनीच्या पुस्तकात दिले असेल तेवढाच नट मागे घ्या. चाक मोकळे फिरावे, डुलू नये. स्प्लिट पिन नवीच घाला. थोडे चालवून हब तपासा. चटका बसला तर नट पुन्हा पाहा.

कापड आपण मापून फाडतो, नटही मापूनच कसावा.