मर रोगाशी झुंज

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेवगाव, पाथर्डी, नेवासा या तालुक्यांत कपाशी पिकते. कधी कधी हिरव्यागार शेतात एखादे झाड पिवळे पडते, मान टाकते आणि वाळून जाते. शेजारचे झाड मात्र ताठ उभे असते. माती एक, पाणी एक. मग असे का होते?

देशी कपाशीवरील मर रोग फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. ती मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांत वाढते. नलिका तुंबतात व झाड तहानेने मरते. ती खोडाच्या आत असल्यामुळे वरून औषध फवारून फारसा उपयोग होत नाही.

यावरचा उपाय बियाण्यातच सापडला. 1930 नंतरच्या काळात पुण्यात बी. एन. उप्पल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट मातीत मुद्दाम रोपे वाढवली. जी जगली, त्यांचेच बी पुढे पेरले. अशा निवडीतून रोगाला तोंड देणारी कपाशी मिळू लागली. खानदेशातील 'जरीला' हा असाच एक प्रतिकारक वाण होता.

जगणाऱ्या झाडात वेगळे काय असते? प्रत्येक पेशीत जनुके असतात. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली जणू सूचनाच! बुरशी शिरली की प्रतिकारक झाडातील काही जनुके लवकर कामाला लागतात. झाड बुरशीच्या पुढची वाट डिंकासारख्या पदार्थाने बंद करते आणि बुरशीला मारक द्रव्ये तयार करते. पाणी दुसऱ्या नलिकांतून वर जाते. दुबळे झाडही लढते, पण त्याला उशीर होतो. एका जनुकातील केवळ एका अक्षराच्या बदलाने अमेरिकन कपाशीत असा प्रतिकार येतो, हे चीनमधील शास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवले.

2002 पासून भारतात बीटी कपाशी आली. तिचे बीटी जनुक बोंडअळीसाठी आहे, बुरशीसाठी नाही. शिवाय पावसाच्या खंडानंतर जोराचा पाऊस झाला, तर संकरित कपाशी अचानक मलूल होते. ही 'आकस्मिक मर' होय. तिचे कारण बुरशी नसते. तेव्हा साचलेले पाणी आधी बाहेर काढावे.

म्हणून घाईने औषध आणू नये. वाळलेल्या झाडाचे खोड उभे चिरून पाहावे. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या, तर बुरशीचा संशय घ्यावा. एवढी तपासणी तुम्हीही करू शकता. घरचा पैसा वाचेल आणि पीकही!

स्वाध्याय
1. मर रोगाने झाड का वाळते?
2. रोगट मातीत रोपे का वाढवली?
3. 'मान टाकणे' व 'तोंड देणे' यांचा वाक्यात उपयोग करा.