'त' आणि 'द' मधले मिलिसेकंद

'तारे जमीन पर' (२००७) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. त्यात अक्षरं नाचतात, म्हणून डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांचा प्रश्न असा समज पक्का झाला. प्रत्यक्षात बऱ्याच मुलांची मूळ अडचण शब्दातले सुटे आवाज ओळखण्यात असते.

आपल्या भाषेत, म्हणजे सिग्नलच्या, सांगायचं तर असं. 'त' म्हणताना जीभ दातांवरून सुटते आणि जवळपास लगेच स्वरयंत्र कंप पावू लागतं. 'द' मध्ये हा कंप जीभ सुटण्याच्या साधारण १०० मिलिसेकंद आधीच सुरू होतो, 'थ' मध्ये उशिरा. १९६४ साली लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी ११ भाषांत हे अंतर मोजलं आणि त्यांत आपली मराठीसुद्धा होती! 'द' आणि 'ध' मात्र या एका मापाने वेगळे करता आले नाहीत.

आता कंपॅरेटर आठवा. थ्रेशोल्डच्या अलीकडे सगळे 'द', पलीकडे सगळे 'त'. मधले बारीक फरक मेंदू टाकून देतो. सर्निक्लास आणि सहकाऱ्यांना २००४ साली फ्रेंच डिस्लेक्सिक मुलांत उलटंच दिसलं. एकाच गटातले, टाकून द्यायचे फरक त्यांना इतर मुलांपेक्षा जास्त ऐकू येत होते! म्हणजे कान मंद नाही, पण कुठला फरक सोडायचा ते ठरत नाही. अर्थात हे प्रत्येक मुलात आढळत नाही.

१९९६ मध्ये टल्लाल, मर्झेनिक यांनी ताणून हळू केलेल्या आवाजांचे कॉम्प्युटर गेम काढले. गाजावाजा खूप झाला. पुढच्या तपासण्यांत वाचनात म्हणावी तशी सुधारणा दिसली नाही. (इंजिनिअर मंडळींनी नोंद घ्यावी.)

आपल्या राजगुरुनगर-चाकण पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. कंपन्यांमुळे इथे अनेक प्रांतांतली कुटुंबं आलीत. अस्सल तमिळ शब्दांत 'त' आणि 'द' यांनी अर्थ बदलत नाही. त्या घरातलं मूल मराठी शाळेत दोन्हींत गोंधळलं तर ती कानाची सवय, आजार नव्हे. पण मराठीच घरात बोलणारं मूल दुसरी-तिसरीतही अडखळत असेल, तर त्याला 'आळशी' म्हणण्याआधी तपासणी करायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नोंदलेली आहे.

प्रयोग करायचाय? 'प्राट' हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, रूममधला पंखा बंद करा आणि 'ताल, दाल' रेकॉर्ड करा. 'द'च्या आधीची ती बारीक थरथर स्क्रीनवर स्पष्ट दिसते.