जामसावळीला जा, पण तिथेच थांबू नका

आईबाबांनो, दहावी-बारावीच्या वर्गात दरवर्षी एखादं पोर असं दिसतंच. डबा न उघडता परत जातो, वहीत चार ओळींच्या पुढे काही उतरत नाही, जवळ बोलावून विचारलं की "कुछ नहीं, सर" एवढंच उत्तर. घरच्यांना शाळेत बोलावलं की आधी मोबाईलला दोष जातो, मग मित्रांना. सगळे उठले की आई मागे रेंगाळते आणि हळूच सांगते, "सर, जामसावळीला नेऊन आणलं त्याला."

नेलंत, बरं केलंत. सौसरजवळच्या त्या पहुडलेल्या मारुतीपाशी कुठून कुठून लोक आपल्या खचलेल्या माणसाला घेऊन येतात. जे दुखणं शेजाऱ्यालाही सांगता येत नाही, ते तिथे चारचौघांत नेता येतं. ही मोठीच गोष्ट आहे. पण गुजरातेत, उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात काय चालतं तेही ऐका. तिथे 'दवा-दुआ' नावाचं काम आहे: दर्ग्याचे मुजावरच भाविकाला सांगतात, दुआ घ्या आणि डॉक्टरांनाही दाखवा. श्रद्धेला धक्का नाही आणि उपचारही सुरू. आपणही तसंच करू. अंगारा लावा. पण झोप उडून, जेवण तुटून, पोर माणसात बसेनासं होऊन दोन आठवडे झाले असतील, तर पुढच्या शनिवारची वाट पाहू नका.

"पण कुणाकडे न्यायचं? आणि पैसे?" हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे संत्र्याचा बहार विकला तेव्हाच हातात रक्कम येते, मधले महिने उसनवारीचे. शहरात खासगी समुपदेशकाच्या एका बैठकीला हजार-दीड हजार सहज जातात, आणि एका बैठकीत काम होत नाही. म्हणून सुरुवात फुकटापासून करा.

१४४१६ हा टेलिमानसचा नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा चालू आहे, दिवसरात्र, एक पैसा न घेता. भाषा निवडता येते, त्यात मराठी आहे. मी यावर मुद्दाम थांबतो, कारण इथे मध्य प्रदेशात आपली पोरं शाळेत हिंदीत लिहितात-बोलतात, पण आजीशी, आईशी, स्वतःशी मराठीत बोलतात. मनातलं सांगायची वेळ आली की हिंदीत ती "कुछ नहीं" म्हणून मोकळी होतात. पोराला ज्या भाषेत रडू येतं ती भाषा समोरच्याला कळली पाहिजे. फोन तुम्ही स्वतःही करू शकता. "पोरगा बोलत नाही, आम्ही काय करावं" एवढं विचारलंत तरी चालतं.

समोरासमोर भेटायचं तर मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांतून मनकक्ष, म्हणजे मानसिक आरोग्याचे कक्ष आहेत. आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला, तो अजून नवा आहे, तेव्हा आधीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, छिंदवाड्याला चौकशी करा. नागपूर तर आपल्या पायाखालचंच. तिथल्या मेडिकल कॉलेजात आणि मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे, ओपीडीची चिठ्ठी नाममात्र पैशांत निघते. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला घाबरून त्याची ओपीडी वगळू नका. तिथे गेलेला प्रत्येक जण भरती होत नाही; बहुतेक लोक दाखवून, औषध घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी येतात. आणि हे काही उपकार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने परवडेल अशा उपचाराचा हक्क दिलाय, दारिद्र्यरेषेखालच्यांना तर मोफत.

खासगीत जायचं ठरलं तर फोनवर आधीच बोलून घ्या, लाजू नका: "मॅडम, एका बैठकीचे किती? आम्ही पांढुर्ण्याहून येतो, दर आठवड्याला जमणार नाही. मधली बैठक फोनवर होईल का? फीमध्ये काही कमी होईल का?" पुष्कळ जण कमी करतात. या प्रश्नावर जे चिडतात, ते पोराच्या प्रश्नांवरही चिडतील. शिक्षण काय, तेही विचारा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागितला तर द्यायलाच हवा. पण नुसती 'समुपदेशक' पाटी कुणीही लावू शकतो. डॉक्टर नसताना गोळ्या देणारा, 'पंधरा दिवसांत ठणठणीत' म्हणणारा, तुमच्यासमोर पोराला "आईबाप किती कष्ट करतात, कळत नाही का" म्हणून झापणारा माणूस आपल्या कामाचा नाही. उठून या. दुसरा शोधा. दोन-तीन भेटींनंतरही पोर तिथे जायच्या नावानेच आक्रसत असेल, तर दोष पोराचा समजू नका.

बैठक झाली की बसस्टँडवरच "काय काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?" सुरू करू नका. आत बोललेलं आतच राहणार, या भरवशावर पोर तोंड उघडतं. जिवाला धोका वाटला तर समुपदेशक तुम्हाला सांगतोच.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगतो. पोर "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, चेष्टेत बोललं, तरी ते खरं धरा. "असं बोलू नये" म्हणून विषय दाबू नका. जवळ बसा, सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने असा विचार मनात येत नाही, उलट ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका, लगेच १४४१६ ला फोन लावा, नाहीतर सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. आणि बगीच्यातल्या फवारणीचं औषध. ते आपल्याकडे पडवीत, जिन्याखाली, पलंगाखाली ठेवलेलं असतं. आजच पेटीत घाला, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवा. घरात सगळं ठीक असलं तरी.

पाहुणे काय म्हणतील, पुढे सोयरीक जमेल का, ही धास्ती मला ठाऊक आहे, पोरीच्या आईला तर जास्तच. कुणालाही सांगायची गरज नाही. नागपूरला कामाला गेलो होतो, एवढं पुरतं. पण पोराला मात्र सांगा की तुझ्यासाठी गेलो होतो, आणि लागेल तितक्या वेळा जाऊ.